दार घासतं म्हणून

शिक्का मारून झाल्यावर मी पत्ता वाचला. खरं तर आधी पत्ता वाचायचा असतो, मग तक्रार, मग ती कुठल्या सदरात बसते ते ठरवायचं आणि सगळ्यात शेवटी शिक्का. पण अठरा वर्षं एकच काम केलं की हात डोळ्यांच्या पुढे पळायला लागतो. कागदावर 'दार' हा शब्द दिसला की माझा उजवा हात मला न विचारता तिसऱ्या शिक्क्याकडे जातो. 'किरकोळ दुरुस्ती, चौकशीस पात्र नाही.' दुपारच्या चहाआधी असे वीस-पंचवीस होतात. त्या दिवशीचा हा सतरावा-अठरावा असेल. शाई अजून ओली होती, आणि शिक्क्याच्या खाली डाव्या कोपऱ्यात माझ्या वडिलांच्या इमारतीचा पत्ता होता. मजला पहिला, जिन्याच्या डाव्या हाताचं घर. मी कागद पटकन पालथा घातला, जसं काही कुणी पाहिलं असतं तर माझीच अब्रू गेली असती. मग पुन्हा सुलटा केला आणि पहिल्यांदाच नीट वाचला.

"पुढचं दार या वर्षात चौथ्यांदा अडकलं," असं त्या घरातल्या बाईंनी लिहिलं होतं. अक्षर गोल, ओळी सरळ. "दर वेळी चौथ्या मजल्यावरचे काका येऊन रंधा मारून मोकळं करून देतात. त्यांचे फार उपकार आहेत, त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही. पण दार पुन्हा पुन्हा का अडकतं ते कुणीतरी येऊन बघावं, ही विनंती." अर्जाच्या शेवटी एक रकाना असतो, दोष आजच्या तारखेला अस्तित्वात आहे काय? तिथे त्यांनी लिहिलं होतं, सध्या नाही. खरं लिहिणाऱ्या माणसाचं आमच्या ऑफिसात कधी भलं झालेलं मी पाहिलं नाही. चौथ्या मजल्यावरचे काका म्हणजे माझे बाबा. आयुष्यभर सुतारकी केली, आता अठ्ठ्याहत्तर वय, आणि आई गेल्यापासून त्या इमारतीतली सगळी दारं-खिडक्या त्यांनी दत्तक घेतल्यासारख्या सांभाळलेल्या. कुणाची कडी लागत नाही, कुणाची खिडकी बसत नाही, की बाबा पिशवी उचलून हजर. मला ते माहीत होतं. मी ऑफिसात कौतुकाने सांगायचेही, की आमच्या म्हाताऱ्याला नुसतं बसवत नाही, हाताला काम लागतं. एका माणसाला वर्षात इतक्या दारांना रंधा का मारावा लागतो, हा प्रश्न मला पडला नव्हता. सुताराच्या मुलीला पडायला हवा होता, आणि या खुर्चीत बसणाऱ्या बाईला तर नक्कीच. मी दोन्ही होते आणि मला तो पडला नव्हता.

आमचं ऑफिस घरांवर लक्ष ठेवतं असं लोकांना वाटतं. बाहेरच्या पाटीवरून तसं वाटावं अशीच सोय आहे. प्रत्यक्षात आम्ही कागदांवर लक्ष ठेवतो. भाड्याच्या इमारतीच्या मालकाची चौकशी सुरू करायची तर एकाच इमारतीतल्या तीन वेगवेगळ्या घरांतून, एकाच वर्षात, एकाच सदराखाली तीन तक्रारी आल्या पाहिजेत, आणि तिन्ही दोष तक्रारीच्या दिवशी चालू पाहिजेत. तीन म्हणजे तीन. पावणेतीनला आमच्यात शून्य म्हणतात. स्वतःहून उठून एखादी इमारत बघायला जायचा अधिकार आम्हाला नाही. मी संगणकावर बाबांच्या इमारतीचा नंबर घातला. हे मी याआधी कधीच केलं नव्हतं, कारण त्या इमारतीला नंबर आहे हेच माझ्या लक्षात नव्हतं. मला ते बाबांचं घर होतं. तीन वर्षांत अकरा तक्रारी निघाल्या. पाच दारांच्या. दोन फरशीला चीर गेल्याच्या, एक न्हाणीघरातलं पाणी मोरीकडे न जाता उलट्या कोपऱ्यात साचतं म्हणून, एक भिंतीतून कडकड आवाज येतो म्हणून, एक खिडकीची काच आपोआप तडकली म्हणून. आणि एका माणसाने लिहिलं होतं की कपाटाचं दार लावलं तरी सावकाश उघडतं, बायको घाबरते. त्याच्यावर 'फर्निचर, कार्यालयाच्या कक्षेबाहेर' असा शिक्का होता. प्रत्येक तक्रार आपापल्या सदरात शहाण्या मुलासारखी बसली होती. अकरापैकी सात सह्या माझ्या. एकेक वाचताना मला काही वाटलं नव्हतं. अकरा एकाखाली एक वाचल्यावर मात्र माझ्या खुर्चीचे पाय सारखे नाहीत की काय असं वाटून मी टेबल धरलं. आणि नवल म्हणजे शेवटची तक्रार चौदा महिन्यांपूर्वीची होती. त्यानंतर आजचा कागद येईपर्यंत त्या इमारतीतून एक चिटोराही आलेला नव्हता. क्षणभर मला बरं वाटलं. सुधारलं असेल काहीतरी, असा विचार मी केला. माणूस कशाकशाला धरून उभं राहायला बघतं.

दारं मोजायची नाहीत हा नियम कुणी केला ते मला शोधायची गरज नव्हती. नऊ वर्षांपूर्वी चौकशी कधी सुरू करता यावी हे ठरवायला एक समिती बसली होती, आणि मी तिथे कागद पुरवायला होते. लांबट खोली, मधे लांबट टेबल, पाण्याच्या बाटल्या. एक निवृत्त इंजिनिअर होते, त्यांचं एकच पालुपद. शंका आली की जाता आलं पाहिजे. "डॉक्टर काय पेशंट तीनदा कण्हायची वाट बघतो का?" ते म्हणायचे आणि चष्मा काढून पुसायचे. समोर बसलेल्या वकीलबाई तितक्याच शांतपणे विचारायच्या, "शंका कुणाची? आज तुमची. उद्या मालकाशी भांडलेल्या कुणाचीही. मग रोज उठून कुणाच्या तरी दारात उभं राहायचं का आपण?" दोघांचंही मला पटायचं. ज्याचं बोलणं चालू असेल त्याचं पटायचं. मग गोष्ट दारांवर आली, कारण आलेल्या तक्रारींतल्या निम्म्या दारांच्या होत्या आणि त्या मोजल्या तर निम्म्या शहराची चौकशी लावावी लागली असती. कुणीतरी माझ्याकडे बघून म्हणालं, "बाई, हे अर्ज तुम्हीच वाचता ना? तुम्हाला काय वाटतं?" तोपर्यंत मला कुणी काय वाटतं असं विचारलं नव्हतं, त्या खोलीत तर नाहीच. मी उभी राहिले. म्हणाले, "साहेब, मी सुताराची मुलगी आहे. हवा दमट झाली की लाकूड फुगतं, कोरडी झाली की आकसतं. दार घासतं म्हणून चौकशी लावायची तर आमच्या बाबांना आधी अटक करावी लागेल." सगळे हसले. इंजिनिअरसुद्धा हसले. तेही हसले हे मला आता फार लागतं. पंधरा मिनिटांत नियम लिहून झाला. त्या रविवारी मी बाबांना ही हकिगत सांगितली, तर ते इतके खूश झाले की दोनदा सांगायला लावली. "बरोबर बोललीस," म्हणाले. "लाकडाचं बरोबर बोललीस." पुढच्या वर्षी मला बढती मिळाली, ती काही त्या वाक्यासाठी नव्हे, पण त्या वाक्यानंतर मला ऑफिसात ओळखायला लागले होते.

मी कागद घेऊन साहेबांकडे गेले. साहेब माणूस वाईट नाही. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं, घरी जाऊन त्याला शिव्या देता आल्या असत्या. ते संत्रं सोलत होते. दोन फोडी माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "बसा. चेहरा का असा?"

"साहेब, एका इमारतीत नुसतं बघायला जाता येईल का?"

"नुसतं बघायला म्हणजे काय, बाई? आपण बघितलं की ती चौकशी. आपला माणूस तिथे उभा राहून मान वर करून आला तरी मालक कोर्टात जाईल."

"अकरा तक्रारी आहेत."

"एका सदरात तीन आहेत?"

"दारांच्या पाच आहेत. आजची धरून सहा."

"दारं मोजत नाहीत," साहेब म्हणाले, आणि मग त्यांना ती लांबट खोली आठवली असावी, कारण त्यांनी संत्र्याकडे बघितलं. टोमणा मारला नाही. मला वाटलं मारावा. "बदल सुचवणारी टिपणी लिहा. पुढच्या बैठकीत ठेवू. बैठक कधी ते मला विचारू नका." मग एकदम म्हणाले, "पण तुम्ही या इमारतीच्या एवढ्या मागे का? कोण असतं तिथे तुमचं?" मी सांगितलं. त्यांनी हातातली फोड खाली ठेवली. "हे आधी सांगायचं ना. आता मला लिहून घ्यावं लागणार." त्यांनी कपाटातून हितसंबंधाचा छापील कागद काढला, आणि मी भरला, कारण तो भरावाच लागतो. नातं, वडील. त्या क्षणापासून त्या इमारतीचा एकही कागद माझ्या टेबलावर येणार नव्हता. "मग कुणाकडे जाईल?" मी विचारलं. "समोरच्या टेबलाकडे." समोरचं टेबल सहा महिने रिकामं आहे. तिथे कुणीतरी एक कुंडी ठेवली आहे आणि येता-जाता तिला पाणी घालतात. "भरतील," साहेब म्हणाले. "जागा मंजूर आहे." मी सही केली. मदत मागायला गेले आणि हातात होतं नव्हतं तेवढंही देऊन आले. बाहेर पडताना साहेबांनी हाक मारली. "अहो बाई, वडिलांना तुमच्याकडे आणून ठेवा चार दिवस." त्यांनी मनापासून सांगितलं होतं. पण बाबांना आणता येईल. पहिल्या मजल्यावरच्या त्या गोल अक्षराला कुठे आणून ठेवू, ते त्यांनी सांगितलं नाही.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. उतरेपर्यंत मी दारंच बघत होते. दुकानांची, दवाखान्याची, शाळेचं मोठं दुहेरी दार. एखादी इमारत वाकडी दिसली की मान तिरकी करायची, मग कळायचं की बसच वळते आहे. लहानपणी बाबांच्या कारखान्यात, म्हणजे पत्र्याच्या एका खोलीत, मी भुशाच्या ढिगावर बसून रंध्याखालून निघणाऱ्या वळ्या गोळा करायचे. पातळ, लांब, खालून उजेड दिसेल अशा. बाबा म्हणायचे, लाकूड खोटं बोलत नाही, ते जिथे दुखतं तिथेच ओरडतं. मला तेव्हा वाटायचं की सगळेच वडील असं बोलतात. नंतर मी शिकले, कॉलेजात गेले, ऑफिसात लागले आणि लाकडाविषयी चारचौघांत बोलायला लागले, पण हात लावायचं केव्हाच बंद झालं होतं. बाबांकडून मी त्यांचा धंदा घेतला नाही, त्या धंद्याचा रुबाब तेवढा घेतला, आणि तो मी त्या लांबट टेबलावर एकदाच खर्चला. हे असलं काहीतरी मनात घोळवत मी दोन थांबे पुढे गेले आणि चालत मागे आले. इमारतीसमोर उभी राहून मान वर केली. मला काही दिसलं नाही. चार मजले, वाळत घातलेले कपडे, एका खिडकीत पाठमोरी बसलेली मांजर. सरळच वाटत होती. इतकी वर्षं सरळच वाटली होती.

बाबा रंध्याचं पातं दगडावर घासत बसले होते. मला आडदिवशी बघून त्यांचा चेहरा उजळला आणि मग लगेच काळजीचा झाला, कारण आडदिवशी येणारं माणूस काहीतरी घेऊन येतं. "बरी आहेस ना?" म्हणाले. मी चहा टाकला. दूध नेहमीप्रमाणे उतू गेलं, आणि मी पहिल्यांदाच बघितलं की ते ओट्यावरून कुठे जातंय. रस्त्याकडच्या भिंतीकडे जात होतं, घाई नसल्यासारखं.

"बाबा, पहिल्या मजल्यावरचं दार कुठे घासतं?"

"वर. रस्त्याकडच्या कोपऱ्यात."

"आणि आपलं?"

"तिथेच." पातं उजेडाला धरून त्यांनी धार बघितली. "सगळ्यांचं तिथेच."

"लाकूड फुगत असेल."

बाबा हसले. "अगं, लाकूड फुगलं तर दार अख्ख्या कडेने घासतं. हे एकाच कोपऱ्यात घासतं, सगळ्या घरांत त्याच कोपऱ्यात. हे लाकडाचं दुखणं नाही. मी काय काल सुतार झालो?"

"मग कशाचं?"

"इमारत बसतेय. रस्त्याच्या बाजूने." आभाळ भरून आलंय म्हणावं तसं म्हणाले. मग उठले, पिशवीतून ओळंबा काढला, भिंत सरळ आहे का ते बघायची ती दोरी आणि तिच्या टोकाचं वजन, आणि मला जिन्यात घेऊन गेले. चौथ्या मजल्याच्या कठड्याला एक खिळा होता, मला कधी न दिसलेला. त्याला दोरी अडकवून त्यांनी वजन मधल्या पोकळीतून खाली सोडलं. आम्ही चार मजले उतरलो. तळाच्या फरशीवर पेन्सिलीचे ठिपके होते, एका ओळीत, रस्त्याच्या बाजूला सरकत गेलेले. दर वर्षी एक. पहिल्या दोघांत गव्हाच्या दाण्याएवढं अंतर होतं. शेवटच्या दोघांत दोन बोटं सहज मावली असती. वजन अजून हलत होतं. ते थांबायची आम्ही वाट बघितली, आणि ते शेवटच्या ठिपक्याच्याही पुढे जाऊन थांबलं. बाबांनी खिशातून पेन्सिल काढून नवा ठिपका दिला, आणि मी एवढंच बघत राहिले की त्यांचा हात अजिबात कापत नाही.

"बाबा, तुम्ही हे कुणाला सांगितलं का नाही?" माझा आवाज जिन्यात वरपर्यंत गेला असावा.

"कुणाला म्हणजे? तुझ्या लोकांना माहीतच आहे की."

"माझ्या लोकांना?"

"गेल्या वर्षी आले नव्हते का दोघं? पिवळी जाकिटं, तीन पायांवरची ती दुर्बीण. पाच-सहा दिवस होते समोर. मी वरून हात केला, त्यातल्या एकाने मान हलवली." बाबा दोरी गुंडाळायला वर चढायला लागले, एकेक पायरी. "तेव्हाच मी सगळ्यांना सांगितलं, आता उगाच अर्ज करत बसू नका, पोरीच्या ऑफिसचे बघून गेलेत, रीतसर होईल सगळं. तोवर दारं मी सांभाळतो. भेगा पण मीच बुजवल्या, भुसा आणि सरस कालवून. दिसणार नाहीत तुला."

ते रस्ते खात्याचे लोक होते. पाइप टाकायला रस्ता मोजत होते. त्या दिवसांत आमची बससुद्धा दुसऱ्या वाटेने जायची. त्यांची दुर्बीण रस्त्याकडे होती. चौदा महिने त्या इमारतीतून कागद का आला नाही ते मला जिन्याच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे कळलं, आणि मी तिथेच पायरीवर बसले. मला बाबांचा राग आला, खूप राग आला, आणि कुठून सुरुवात करू ते कळेना. दारं अडकू द्यायची होती. भेगा दिसू द्यायच्या होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने चार मजले उतरून लोकांची दुखणी निस्तरली, आणि त्या निस्तरण्यामुळेच ती दुखणी कुणाच्या हिशेबात आली नाहीत. पण हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं, आणि सांगून 'दार अडकलं तर अडकू दे, आत म्हातारं माणूस असलं तरी' असं म्हणायचं का? बाबा चार पायऱ्या वर थांबून माझ्याकडे बघत होते. "दमलीस?" त्यांनी विचारलं.

मी ते सांगणारच होते. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात खालून कुणीतरी "काका, अहो काका" करत धावत आलं. पहिल्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई, गळ्यात टेप तशीच. ते गोल अक्षर हिचं. "दार पुन्हा अडकलं काका, आणि सासूबाई आत आहेत." बाबा माझ्यासारखे बसून राहिले नाहीत. वर जाऊन पिशवी घेऊन ते माझ्या आधी पहिल्या मजल्यावर पोचले. आतून म्हातारीचा आवाज येत होता, घाबरलेला नव्हे, वैतागलेला. "उघडतंय का नाही ते एकदा सांगा, मी बसून घेते." बाबा स्टुलावर चढले आणि दाराच्या वरच्या कोपऱ्यात, रस्त्याकडच्या, पटाशीने हळूहळू लाकूड काढायला लागले. मी स्टूल धरून उभी राहिले. पांढरे तुकडे माझ्या केसांत पडत होते.

"ताई, तुम्ही त्याच ऑफिसात ना?" शिवणवाली म्हणाली. "माझा अर्ज पोचला का हो? खरं सांगू, मला आता इथे धीर नाही. पोरांना सकाळीच भावाकडे पोचवलं. सासूबाईंना घेऊन मीही निघालेच होते, खाली गाडी बघायला गेले आणि मागे हे असं."

"अर्ज पोचला," मी म्हणाले. "आणि बंदही झाला. मीच शिक्का मारला. न वाचता मारला." तिला कळलं नाही. मी भरभर सांगायला लागले, बाबांनाही ऐकू जावं म्हणून मोठ्याने. दारं मोजत नाहीत, तीन घरं लागतात, कागद आता माझ्याकडेही येणार नाही, गेल्या वर्षीचे ते दोघं आमचे नव्हतेच, रस्त्याचे होते. "तुमच्या इमारतीकडे कुणी बघत नाहीये. कुणीही नाही. तुम्ही भावाकडे जा. आजच जा. बाबा, तुम्हीही चला माझ्याकडे."

पटाशी थांबली. बाबांनी वरून माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं. अभिमान होता तो. गेली कित्येक वर्षं रविवारी जेवताना ते विचारायचे, सध्या कुणाची चौकशी चालू आहे गं, आणि मी म्हणायचे, "तसं सांगता येत नाही बाबा, नियम असतात." बहुतेक वेळा काहीच चालू नसायचं. पण तसं म्हटलं की मला माझं काम मोठं वाटायचं, आणि त्यांनाही. आता ते शिवणवालीकडे वळले आणि त्यांनी एक डोळा किंचित मिटला.

"तिला असंच बोलावं लागतं, पोरी," ते हळूच म्हणाले. "आतलं बाहेर सांगायची परवानगी नसते त्यांना."

"बाबा, मी खरं सांगतेय."

"हो, हो." त्यांनी पुन्हा पटाशी लावली. "आडदिवशी कामधाम सोडून आली आहे. जिना उतरून ओळंबा बघितला तिने आत्ता माझ्याबरोबर. उगाच?"

शिवणवालीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवत होते, नाही, नाही म्हणत होते, तिचा हात धरला होता मी, आणि मी जितकं जोरात नाही म्हणत होते तितका तिचा चेहरा सैल पडत होता. "बाई, ऐका माझं," मी ओरडलेच. आतून म्हातारी म्हणाली, "भांडताय कशाला? दाराचं काय ते बघा." तेवढ्यात कोपरा सुटला आणि दार धाडकन आत गेलं. खोलीच्या मधोमध दोन बोचकी बांधून ठेवलेली, शिलाईचं मशीन चादरीत गुंडाळलेलं, आणि म्हातारी चपला घालून खुर्चीवर बसलेली, निघायच्या तयारीने. बाबा खाली उतरले, पिशवीतून रंधा काढला आणि दाराची कड हाताने चाचपून बघायला लागले. मी उंबऱ्यात उभी होते. सगळं सांगून झालं होतं.

"आई, काढा चपला," शिवणवाली आत जाता जाता म्हणाली. मशीनवरच्या चादरीची गाठ ती एका हाताने सोडत होती, दुसऱ्या हाताने फोन कानाला लावला होता. "हॅलो, दादा? अरे, पोरांना आणून सोडतोस का संध्याकाळी? नाही नाही, आम्ही नाही निघत आता. अरे, इथे मोठ्या ऑफिसातल्या ताई स्वतः आल्यात बघायला."